मार्लीन पुढच्या फळीत

मार्लीन हुडाक सकाळी शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी माणसं आडवी करायची. माणसं म्हणजे बायकाच. पेनसिल्व्हेनियातल्या कार्बन फोर्क गावात बायकांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, ‘हॅमर्स’. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पळणारीला आडवं पाडायचं, असा तो खेळ. त्यात ती नऊ वर्षं मधली लाइनबॅकर. पुढच्या फळीतल्या धिप्पाड बाया समोरच्यांशी झुंजायच्या आणि त्यांच्या चार पावलं मागे उभी राहून मार्लीन सगळ्या बचावाचा कारभार हाकायची. “जोआन, डावीकडे सरक! अगं, झोपलीस का?” तिचा आवाज नदीपलीकडच्या पेट्रोल पंपावर ऐकू जायचा.

पण छत्तिशी उलटली आणि गुडघे कुरकुरायला लागले. मागच्या मोसमात चेंडू घेऊन पळणाऱ्या पोरी तिच्या बाजूने सुळकन निघून जायच्या आणि तिच्या हाती नुसतं वारं यायचं. सगळ्यांना दिसत होतं. बोललं कुणीच नाही.

बोलली ती नवी कोच, रेनी टॉलिव्हर. बाई पन्नाशीची, आडवळण माहीत नसलेली. एप्रिलमध्ये पहिल्या सरावाच्या आदल्या दिवशी ती थेट बसडेपोत आली. मार्लीन बस झाडत होती. कोच पायरीवर बसली.

“मार्लीन, तुला पुढच्या फळीत घेतेय. अगदी मधोमध, चेंडूसमोर.”

झाडू थांबला. “म्हणजे मला हलवलंस.”

“हलवलं नाही. रोवलं.”

“आणि माझ्या जागी कोण?”

“कियाना.”

“कियाना ब्रूक्स? बावीस वर्षांची आहे ती! तिला बुटाच्या नाड्या धड बांधता येत नाहीत.”

“पळता येतं,” कोच शांतपणे म्हणाली. “आणि हे बघ, तुझं वजन पंधरा-वीस पौंडांनी वाढलं तर मला चालेल. उलट वाढवच.”

मार्लीन धुसफुसत घरी गेली. तिची आई आयरीन स्वयंपाकघरात हालुश्की करत होती. लोण्यात परतलेला कोबी आणि पिठाचे मऊ तुकडे. वजन आटोक्यात ठेवायला नऊ वर्षं लेक या घरात उकडलेली कोंबडी खात आली होती आणि आयरीनने तो अपमान मुकाट्याने गिळला होता. मार्लीनने सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आयरीनने एवढंच विचारलं, “वाढव म्हणाली? स्वतःच्या तोंडाने?”

“आई, माझी जागा गेली!”

“देव त्या कोचचं भलं करो,” म्हणत आयरीनने ताटात तिसरा डाव वाढला.

मार्लीनने रागारागात सगळं खाल्लं. फार बरं वाटलं, पण ते तिने कबूल केलं नाही.

सरावाला मात्र रडकथाच झाली. पुढच्या फळीत एक हात जमिनीला टेकवून वाकून उभं राहायचं. समोर गवत, त्यापलीकडे चेंडू मागे देणारी बेव्ह, आणि बाकी जग गायब. सवयीने मार्लीन मान वर करायची आणि बेव्ह तिला उताणी पाडायची. बेव्ह हॅमर्सचीच, फक्त सरावात समोर उभी राहायची; तिची शाळेपासूनची मैत्रीण, खाटकाच्या दुकानात काम करायची. दया दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“काय गं राणी, आकाश कसंय आज?”

त्यात मार्लीनचं तोंड थांबेना. खालूनच ओरडायची, “कियाना, उजवीकडे!” त्याच वेळी कियाना वरून सांगायची डावीकडे, आणि अख्खी फळी एकमेकींवर आदळायची. शेवटी कोचने शिट्टी फुंकली.

“मार्लीन, तुझ्या बसचं चाक दोघींनी धरलं तर?”

त्या आठवड्यात मार्लीन मैदानावर एक शब्द बोलली नाही. आणि गप्प बसल्यामुळेच असेल, तिला कळायला लागलं. बेव्हचा पहिला धक्का डाव्या खांद्यावर आला की चेंडू उजवीकडून जातो. बेव्ह आणि तिच्या शेजारची, दोघींनी मिळून ढकललं की तो मधूनच येतो. बघायची गरजच नव्हती. अंगावर जे आदळत होतं, तेच सगळं सांगत होतं. एका संध्याकाळी तिने बेव्हला असं रोखलं की बेव्हच मागे बसली.

“अगं बाई!” बेव्ह गवतात बसून हसायला लागली. “ओंडका झालीस की गं!”

“हालुश्की,” मार्लीन म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तीही हसली.

कियाना लाजत लाजत जवळ आली. “ताई, राग आहे का अजून?”

“आहे थोडा. नाड्या बांध आधी. आणि ऐक. मी समोरच्या दोघींना अडवून धरीन, मध्ये जी फट पडेल तिथून तू घुसायचं. विचार करत बसू नकोस.”

जूनमधला सामना बेल्टनच्या संघाशी होता. हॅमर्स चार गुणांनी पुढे, शेवटचे पाच सेकंद उरलेले, बेल्टनची शेवटची संधी, आणि हॅमर्सची गोलरेषा जेमतेम एक यार्डावर. चेंडू तिच्यापलीकडे गेला की सहा गुण, म्हणजे सामना बेल्टनचा. मार्लीन वाकली, हात टेकला. चेंडू सुटला. दोघी एकदम तिच्यावर कोसळल्या. म्हणजे मधूनच! ती तसूभर सरकली नाही. गुडघे ओरडले, पण पाय रोवलेलेच. शेजारच्या फटीतून कुणीतरी सणसणत घुसलं, मग धप्पकन आवाज झाला आणि वर बायकांचा ढीग पडला.

कर्णा गरजला, “कियाना ब्रूक्सने अडवलं! हॅमर्स जिंकले!”

ढिगाखाली तोंडात गवत गेलेलं असताना मार्लीन खदखदून हसत होती. आपलं नाव नाही आलं, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

ध्यानात आलं ते आयरीनच्या. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नसे. नऊ वर्षं ती फक्त लेकीकडे बघत आली होती. ती तडक जिना चढून निवेदकाच्या खोलीत शिरली. आत एड पाव्हलिक होता, निवृत्त पोस्टमन. कर्णा चालूच राहिला होता.

“एड, माझ्या पोरीच्या अंगावर दोघीदोघी होत्या! सगळा वेळ! तू चष्मा कशाला लावतोस?”

“आयरीन, नियम असा आहे की पाडणारीचंच नाव...”

“नाव घे तिचं.”

जरा खाकरणं झालं. मग सगळ्या मैदानाला ऐकू आलं, “आणि, हं, मधली वाट बंद केली होती चोपन्न नंबरच्या मार्लीन हुडाकने. दोघींना अडवून.”

“नीट, मोठ्याने!”

एडने नीट, मोठ्याने पुन्हा सांगितलं. प्रेक्षक उभे राहून हसत होते, टाळ्या वाजवत होते. बायका एकेक करून ढिगावरून उठल्या. कियानाने हात पुढे केला. “ताई, उठ ना.”

“थांब गं,” मार्लीन गवतातच पाठ टेकून म्हणाली. “आई अजून भांडतेय. ऐकू दे.”