टॅपेटची टिकटिक

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. खरं नाव सांगायला त्यालाही क्षणभर थांबावं लागलं असतं. पस्तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करणारा हा मिस्त्री टॅपेट बसवायचा तो कानाने. टॅपेट व्हॉल्व्हला, म्हणजे इंजिनाच्या झडपेला, ढकलतं; दोघांतली फट वाढली की टिकटिक येते, म्हणून ती केसाएवढीच ठेवावी लागते. ती मोजायला लोक फिलर गेज वापरतात, म्हणजे पातळ पत्त्यांचा एक जुडगा. कानसेनकडेही तो होता, पण खणात, तेलकट कागदात, कोरा करकरीत. "ज्याला कान नाहीत त्याने पत्ती घालावी," असं तो ऐटीत म्हणायचा. गाड्या बिनतक्रार पळत होत्या, त्यामुळे त्याच्या तोंडी लागायला कुणी जात नसे.

हल्ली मात्र माणूस थकला होता. गुडघे कुरकुरत, झोप तुटक. त्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेतानाच तो बायकोवर वैतागला.

"अगं, ते घड्याळ काढून टाक बरं. रात्रभर टिकटिक, टिकटिक. डोळ्याला डोळा नाही."

"अहो, त्यातला सेल तुम्हीच काढून ठेवलात की मागच्या आठवड्यात."

"मग नळ गळत असेल."

"वॉशरही तुम्हीच बदललात. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या म्हणून किती दिवस कानीकपाळी ओरडतेय मी."

"माझ्या कानाला डॉक्टर?" त्याने कप आदळला. "उद्या म्हणशील, स्वयंपाक शिकायला खानावळीत जा." असं म्हणून तो डबा उचलून चालता झाला. खरं सांगायचं तर ती बरोबर बोलतेय अशी शंकेची पाल त्याच्या मनात चुकचुकली होती, पण नवऱ्याने ते कबूल करायची पद्धत त्या घरात नव्हती.

दुकानासमोर पार्सलवाला उभा होता. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. गाडी ढकलत आणल्यामुळे शर्ट पाठीला चिकटला होता.

"मिस्त्री, परत तेच. ताकद नाही, किक मारली तर पाय सरळ खाली जातो."

कानसेनच्या कपाळावर आठी पडली. महिन्यापूर्वी याच गाडीचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह जळाला होता. जुना सायलेन्सर सडला म्हणून पार्सलवाल्याने स्वस्तातली मोकळी नळी बसवली होती, आणि कानसेनला बोलायला आयतं निमित्त मिळालं होतं. "अरे बाबा, सायलेन्सर धुराला थोडा अडवतो. तो मागचा दाब हिशेबात धरूनच इंजिन बांधलेलं असतं. तू दारच उघडं टाकलंस. आता धूर सुसाट बाहेर, हवा जास्त आत, पेट्रोल कमी. मिश्रण सुकं झालं की आग भडकते आणि व्हॉल्व्ह जळतो. नळी लावायची तर कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेटही मोठा करावा लागतो, कळलं?" पार्सलवाल्याने मुकाट मान हलवली होती आणि पदरमोड करून अस्सल सायलेन्सर आणला होता. तेव्हा स्पार्क प्लगचा रंग बघायचंही कानसेनला सुचलं नव्हतं. नळी दिसली, निकाल लागला.

आज सायलेन्सर अस्सल होता.

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी," पार्सलवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "दोनदा आठ-आठ दिवस घरी बसलो तर माझा वाटपाचा भाग कंपनी दुसऱ्याला देईल. काय चुकलं तेवढं सांगा."

कानसेनने प्लग काढला. मिश्रण सुकं असतं तर तो पांढरा पडला असता. हा छान विटकरी होता. म्हणजे मागचा दाब ठीक, पेट्रोल ठीक. कानसेनची कानशिलं तापली. त्याने टॅपेटची झाकणं उघडली, खण ओढला आणि पार्सलवाल्याकडे पाठ करून तो तेलकट कागद सोडला.

एक्झॉस्टच्या टॅपेटखाली सांगितलेल्या मापाची पत्ती जाईना. सर्वांत पातळ पत्तीही जाईना. जळलेला व्हॉल्व्ह खोल बसून फट बुजली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि दुसरीकडे वळला. इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह शाबूत होता, आणि तोही तितकाच आवळलेला. इतकी आवळलेली फट व्हॉल्व्हला नीट बसूच देत नाही. बसला नाही की त्याची धग उतरत नाही, आणि एक्झॉस्टचा बिचारा कडेने जळतो. हे तो पस्तीस वर्षं इतरांना सांगत आला होता.

महिन्यापूर्वी नवा व्हॉल्व्ह बसवताना त्यानेच ही टॅपेट कानाने आवळली होती, आणि त्याआधीच्या दुरुस्तीतही. टिकटिक थांबेना, म्हणून आणखी थोडी. मग आणखी थोडी.

"ऐक जरा," तो हळूच म्हणाला. "टिकटिक येतेय का तुला?"

पार्सलवाला गोंधळला. "कसली टिकटिक? गाडी बंद आहे, मिस्त्री."

कानसेन खाली बसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते दुसऱ्यांना लावून लावून त्याची जीभ गुळगुळीत झाली होती. आता ते त्याला स्वतःला लागलं, आणि फार लागलं.

"नळीचा दोष नव्हता रे," तो म्हणाला. "निदान सगळा नव्हता. माझा कान गेलाय. तुझा व्हॉल्व्ह मी जाळला. दोन्ही वेळा मीच."

पार्सलवाल्याने पाठीला चिकटलेला शर्ट सोडवला. मग म्हणाला, "परवापर्यंत होईल?"

"उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी नवा व्हॉल्व्ह बसला. टॅपेट पत्तीने लागली, गेजवर लिहिलेलं माप चष्मा लावून दोनदा वाचून. कानसेनने किक मारली. इंजिन एकसारखं चालू लागलं, आणि त्याला टिकटिक ऐकू आली, नेहमीसारखी, अगदी जवळून. त्याचा हात सवयीने पान्याकडे गेला.

"कसा वाटतोय आवाज?" त्याने विचारलं.

पार्सलवाल्याने इंजिनावर वाकून कान दिला. "एकदम नीट, मिस्त्री."

कानसेनने पाना खाली ठेवला.

पार्सलवाला गेला. गाडी कोपऱ्यावर वळली, तिचा आवाज विरला. टिकटिक तेवढी दुकानातच राहिली.