अकरावी गाठ

"या दोन बरण्या आज मला नका देऊ," मामा म्हणाले आणि अर्धा हातमोजा चढवलेल्या हातानं त्यांनी बरण्या टेबलाच्या पलीकडे सरकवल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? ताईला बरं नाही. हे तिचंच आहे."

बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर वय त्र्याहत्तर, गर्भाशयाचा कॅन्सर, आणि एकीवर 'उजवी बाजू', दुसरीवर 'डावी बाजू' असं लिहिलं होतं. आत औषधाच्या पाण्यात पिवळी चरबी बुडालेली होती. ताईचं ऑपरेशन परवाच झालं होतं.

इस्पितळाच्या या तपासणीच्या खोलीत मामा तेहेतीस वर्षं एकच काम करत आले होते. ऑपरेशनमधून आलेल्या चरबीत गाठी शोधायच्या. ओटीपोटातला कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी जवळपासच्या गाठींत जाऊन बसतो, म्हणून सर्जन आजूबाजूची चरबी गाठींसकट काढून पाठवतात. या गाठी सगळ्यांच्याच अंगात असतात. चरबीत त्या डोळ्यांना दिसत नाहीत. अंगठा आणि तर्जनीमध्ये चरबी दाबत दाबत पुढं गेलं की बोटाला लागतात. त्यासाठी मामा हातमोजे एक माप लहान घालत. नवे डॉक्टर आले की मोठे साहेब त्यांना सांगत, "पुस्तक नंतर वाचा, आधी मामांची बोटं बघा." मामा लाजून चूर होत, आणि घरी गेल्यावर ते वाक्य बायकोला न चुकता ऐकवत. बायको दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करी.

"ठीक आहे, मी करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरगी मनानं चांगली होती, पण इथं येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते.

मामा खिडकीपाशी पाठ करून चिठ्ठ्या लिहीत बसले. लिहीत कसले, कान सगळे मागं लागले होते. गाठ सापडली की ती प्लॅस्टिकच्या जाळीच्या डबीत जाते आणि डबीचं झाकण टक्कन बसतं. मामांनी सहा वेळा टक्क ऐकलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"सहाच लागल्या हो," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "दहा तरी हव्यात. नाहीतर अहवालात 'गाठी अपुऱ्या' असं लिहावं लागेल."

अपुऱ्या म्हणजे काय, ते मामांना पाठ होतं. तेवढ्यावर कॅन्सर पसरलेला नाही असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. म्हणजे आता पुढचे उपचार करायचे की ताईला घरी सोडायचं, हे अंधारात ठरवायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते वरच्या मजल्यावर ताईकडे गेले.

ताई उशीला टेकून बसली होती आणि इस्पितळाच्या चादरीची उसवलेली शिवण न्याहाळत होती. तिनं उभा जन्म रजया शिवल्या होत्या. आई कामावर जायची तेव्हा पंधरा वर्षांनी धाकट्या भावाला मांडीशी बसवून शिवल्या, लग्नानंतर शिवल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आला तरी शिवल्या. पांढऱ्या मिशांच्या या गृहस्थाला 'छोट्या' म्हणणारं माणूस जगात आता ती एकटीच उरली होती.

"काय रे छोट्या, किती गाठी निघाल्या माझ्या?"

"सहा."

"सहाच ना? मग बरंच की. मला वाटलं होतं, वीसेक तरी निघतील."

मामांना हसावं की रडावं कळेना. "अगं, त्या गाठी म्हणजे आजार नव्हे. त्या सगळ्यांना असतात. जितक्या जास्त सापडतील तितकं बरं. मग त्या कापून बघतात, आजार तिथपर्यंत गेलाय की नाही ते."

ताईनं जरा विचार केला. "म्हणजे आहेत, पण सापडत नाहीयेत."

"हं."

"कोण शोधतंय?"

"नव्या डॉक्टर आहेत. मी म्हटलं, आपल्या माणसाचं आपण नको करायला. बोटं धड चालत नाहीत."

"वा रे शहाण्या. माझ्या रजईत सुई हरवली तर मी काय शेजारणीला बोलवायचे? तुझाच हात फिरवून घ्यायचे ना?" तिनं हातातली चादर सोडली. "जा. जेवलास का? जेव आणि मग जा."

मामा जेवले नाहीत, पण गेले. डॉक्टरीणबाईंनी स्टूल रिकामं केलं. "मी शेजारी बसून बघते," एवढंच म्हणाल्या.

"तुम्ही कडक काहीतरी शोधत होतात," मामा मोजे चढवत म्हणाले. "वय झालं की गाठ आतून चरबी होत जाते. बाहेरची पातळ कड तेवढी उरते. चरबीत चरबी, लागणार कशी? कड शोधायची. आणि हे मला कुठल्या साहेबांनी नाही शिकवलं."

शिकवलं होतं ताईनंच, रजईवर. दाबू नको, डोळे मीट, बोट हळू चालव. सुया मोजून पुऱ्या भरल्या तरी एकदा सगळ्या रजईवरून हात फिरव, कारण मोजणारं माणूस चुकतं आणि झोपणाऱ्याला टोचतं.

मामांनी डोळे मिटले. मग सवयीनं काम सांभाळून घेतलं. सातवी लागली, मऊ, आतून पोकळ वाटणारी. मग आठवी, नववी. चौथी टक्क झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"झाल्या दहा. मामा, पुरे आता."

मामांना पुरे म्हणायचं होतं, अगदी मनापासून. आतापर्यंत एकही गाठ संशयास वाव देईल अशी लागली नव्हती. इथं उठलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. डाव्या बाजूची चिमूटभर चरबी तेवढी राहिली होती. ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी तीही बोटांत घेतली.

अकरावी गाठ मसुराच्या दाण्याएवढी होती. तीही मऊच होती.

दोन दिवसांनी गाठींच्या पातळ चकत्या लावलेल्या काचा तयार झाल्या. डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकापाशी फार वेळ बसल्या, मग मामांसाठी बाजूला सरकल्या. दहा गाठी स्वच्छ होत्या. अकरावीच्या कडेला गडद जांभळ्या पेशींचा एक पुंजका दिसत होता. मामांनी तेहेतीस वर्षांत तसे शेकड्यांनी पाहिले होते. या वेळी मात्र त्यांना पुन्हा पाहवलं नाही.

"तुम्ही थांबला नाहीत म्हणून सापडलं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, पण मामांना त्याचा राग आला.

जिने चढताना त्यांनी चार प्रकारे वाक्य जुळवलं. खाटेपाशी पोचल्यावर चारही विसरले.

"ताई, एकीत आहे," ते म्हणाले. "अकरावीत. दहा झाल्या होत्या गं. मी उगाच पुढं गेलो."

ताईचा चेहरा उतरला, आणि तिनं तो लपवलाही नाही. मग तिनं विचारलं, "आता काय करतील?"

"शेक देतील, किरणांचा. महिनाभर रोज यावं लागेल. मोठे साहेब म्हणाले, वेळेवर कळलं."

"तू आणशील?"

"मीच आणेन."

"मग उगाच कसा गेलास? सुई राहिली असती तर मीच झोपले असते ना तिच्यावर." तिनं मामांच्या हाताकडे पाहिलं. "कुठल्या बोटाला लागली?"

मामांनी काही न कळून उजव्या हाताची तर्जनी पुढं केली. औषधाच्या पाण्यानं सुरकुतलेलं, निवृत्तीला आलेलं ते बोट ताईनं उजेडाकडे वळवून नीट पाहिलं. लहानपणी सुई टोचली की पाहायची, तसंच. मग तिनं त्यावर हलकेच फुंकर घातली आणि पदराच्या टोकात गुंडाळून धरून ठेवलं.