मध्यापर्यंत न पोचलेला

"काच घासून झाल्याशिवाय हात काढता येत नाही, बाबा. बसा तिथे," चष्म्याच्या दुकानातल्या चाकावरून मान न उचलता मुलगी म्हणाली.

सर बसले नाहीत. चौतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, पण हातातली पिवळी पडलेली उत्तरपत्रिका पुढे कशी करावी, हे काही त्यांना सुचेना.

"तुझं गणित बरोबर होतं," ते एकदाचे म्हणाले.

गणित साधंच. दोन धन प्रभार जागेवर पक्के बसवलेले. तिसरा धन प्रभार लांबून, दिलेल्या वेगाने, त्यांच्या मध्याकडे सोडायचा. जसजसा तो जवळ जाईल तसतसे दोघे त्याला मागे ढकलणार. वेग घटेल, घटलेली ऊर्जा साठत जाईल, एकूण मात्र तेवढीच. मध्यावर वेग किती? मुलीने लिहिलं होतं, तो मध्यापर्यंत पोचतच नाही, अलीकडेच थांबून मागे फिरतो. सरांनी शून्य दिलं. त्या पाच गुणांनी तिची पदवीच्या प्रवेशाची जागा गेली, आणि वीस वर्षं ती काचा घासते आहे. काल जुनी गणितं पुन्हा सोडवताना सरांना दिसलं, की उत्तर काढताना आपण दोनपैकी एकाच प्रभाराचा विरोध धरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की! त्याच संध्याकाळी पेपर घेऊन आले. तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत. 'परक्याच्या पोरीचा पुन्हा तपासला असता, तुझा नाही. लोक तोंडात शेण घालतील,' म्हणालात."

सरांना आठवलं. आपण किती सचोटीचे, म्हणून त्या संध्याकाळी ते स्वतःवर खूशही झाले होते. शरमेने त्यांची मान खाली गेली.

"मी प्राचार्यांना पत्र लिहितो. चूक माझी आहे, म्हणून..."

"बैल गेला नि झोपा केला! अहो, ते प्राचार्य जाऊनसुद्धा दहा वर्षं झाली." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "तेव्हा एकदा नुसतं बघितलं असतंत ना बाबा, तर शून्य दिलेलंही चाललं असतं."

तिने चाक बंद केलं, हात पुसले.

"चष्मा द्या. दांडी केवढी सैल झालीय."

ती बारीक स्क्रू आवळत बसली. चष्म्याशिवाय सरांना समोर नुसती धूसर आकृती दिसत होती. ती रडते आहे का, ते कळेना, आणि विचारायचा धीर होईना. ती चष्मा परत देईपर्यंत ते हात पुढे करून उभे राहिले.