हलकी पुली

पार्सल आलं तेव्हा बायकोला जाऊन महिना होत आला होता. पार्सलवाला दारात उभा राहून म्हणाला, "मॅडमच्या नावावर आहे. मॅडमना बोलवा."

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

मी सही करून खोकं घेतलं. आत काय आहे ते न उघडताच मला कळलं होतं. वर्षभर आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता.

ती स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर होती. लोकांना त्यांच्या गाड्यांचे पार्ट काढून देण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या गाडीसाठी हौसेने काही मागवलं ते हे पहिलंच. याला कारण लाँड्रीची व्हॅन. आमच्या घराकडे येताना एक चढ लागतो. त्या चढावर एकदा लाँड्रीच्या व्हॅनने आम्हाला मागे टाकलं. व्हॅन जुनी होती, कपड्यांच्या गाठोड्यांनी गच्च भरलेली होती आणि चालवणारा एका हाताने केळं खात होता. बायकोने घरी पोचल्यावर आधी बॉनेट उघडून बघितलं. संध्याकाळी म्हणाली, "इंजिनावर ओझं आहे."

ओझं म्हणजे पुली. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक लोखंडी चाक असतं, त्यावरून पट्टा फिरतो. इंजिनाला ते सतत फिरवत बसावं लागतं. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचं हलकं चाक लावलं की इंजिन चटकन उचलतं, असं तिचं म्हणणं. तिचा धाकटा भाऊ बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. त्याचं म्हणणं, कंपनीने त्या चाकाच्या पोटात रबर घातलंय ते उगाच नाही, ते इंजिनाची थरथर गिळतं. हलक्या पुलीत रबर नसतं.

"मग थरथर कोण गिळणार? तू?" तो तिला म्हणायचा.

"तू लावून देणार की नाही?"

"नाही."

"बुटक्या, तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती."

ती त्याला बुटक्या म्हणायची. ती स्वतः माझ्या खांद्याला लागत नव्हती. दोघं भावंडं एकाच मापाची. पण ती म्हणायची, मी त्याच्यापेक्षा बोटभर उंच आहे. तो म्हणायचा, चप्पल काढून बोल. लहानपणी भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि त्यांची आई डोक्यावर फणी आडवी धरून बघायची. आई कधी एकीचं म्हणणं खरं धरायची, कधी दुसऱ्याचं. त्यामुळे निकाल लागलाच नाही.

मी त्याला फोन केला.

"आली," मी म्हटलं.

"काय?"

"पुली."

त्याने तिकडे कोणाला तरी मशीन बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "रविवारी येतो. पण माझं मत बदललेलं नाही."

"तुला मत विचारलंय कोणी?"

रविवारी तो अवजारांची पेटी घेऊन आला. मी सुतार आहे. घराला लागून माझी शेड आहे, तिच्या एका बाजूला माझं टेबल आणि करवती, दुसऱ्या बाजूला गाडी. गाडीवर भुसा उडतो म्हणून बायकोची रोज कटकट असायची. आता बॉनेटवर भुशाचा थर होता. मेहुण्याने बोट फिरवून बघितलं आणि बोट पँटला पुसलं.

"चहा घेतोस?"

"आधी काम."

"एक सांगून ठेवतो," मी म्हटलं. "इंजिनाचं काय करायचं ते कर. सीटला हात लावायचा नाही."

"कुठल्या?"

"तिच्या."

तिने शेवटच्या वेळी गाडी लावली तेव्हा सीट होती तशीच होती. पार पुढे, पाठ ताठ. मी तिथे कधी बसलो नाही. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण नवीन गाडी आली त्याच आठवड्यात मी ती फाटकाच्या खांबावर घातली. तेव्हापासून मी शेजारच्या सीटवर. घरातलं तिचं बाकी सगळं मुलीने येऊन आवरलं. कपडे वाटले, कपाट आतून पुसून काढलं, पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. चष्मासुद्धा कोणाला तरी देऊन टाकला. मुलगी कामाला वाघ आहे, कोणावर गेली ते सांगायला नको. तिला गाडी चालवता येत नाही म्हणून सीट वाचली.

मेहुण्याने मान हलवली आणि जॅक लावला. पुढचं एक चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, पट्टा ढिला करून उतरवला. मी टॉर्च धरून उभा होतो. पुली दिसायला लागली. मधोमध मोठा बोल्ट. त्याने बोल्टवर पाना बसवला, जोर लावला. बोल्टाबरोबर अख्खं इंजिन फिरलं.

"हे असं होणारच," तो खालून म्हणाला. "इंजिन धरायला पाहिजे. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाका आणि ब्रेक दाबून धरा."

"कोणी?"

"मी गाडीखाली आहे, भावोजी. राहिलं कोण?"

पूर्वी हे काम ती करायची. सीटवर बसून ब्रेक दाबायची आणि खिडकीतून ओरडायची, की अजून किती वेळ, माझा पाय दुखायला लागला. आम्हा दोघांनाही एकदमच ते आठवलं असावं, कारण तो म्हणाला, "बसा, बसा," आणि मी म्हटलं, "बघतो."

मी माझ्या नेहमीच्या सीटवर बसलो आणि तिथून पाय लांबवून ब्रेकवर ठेवला. गिअरचा दांडा मांडीत रुतला.

"दाबा!"

"दाबलाय!"

इंजिन फिरलं.

"हा दाबलाय? लाडाने पाय फिरवताय का त्याच्यावरून?"

"इथून एवढाच दाबला जातो."

"मग तिकडच्या सीटवर बसा. गुडघे अडत असतील तर सीट मागे घ्या."

"नाही."

"परत पुढे घेऊ की."

"नाही म्हटलं ना."

तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि उकिडवा बसला. "मग राहू दे पुली. माझं तर कामच झालं. ताईला मी नाहीच म्हटलं होतं."

पुली टेबलावर होती. लाल रंगाची, खेळण्यासारखी. हातात घेतली तर हातात काही असल्यासारखं वाटत नव्हतं. ती आल्यापासून मी ती रोज एकदा उचलून बघत होतो. बायकोला ती एकदाही उचलून बघता आली नव्हती.

मी म्हटलं, "थांब."

लाकूड हे माझं काम. ब्रेकचं पेडल दाबून धरायला पायच पाहिजे असं नाही. पेडल आणि सीटच्या बैठकीची पुढची लोखंडी पट्टी, यांच्यामध्ये काठी अडकवली की झालं. मी आत वाकून अंतर घेतलं, कठीण लाकडाची एक पट्टी निवडली आणि कापली. मला ढिला जोड चालत नाही. मी प्रत्येक जोड केसभर जास्त ठेवतो आणि ठोकून बसवतो. माझ्या हातची खुर्ची कुरकुरत नाही ती त्यामुळे. काठीही मी तशीच कापली आणि लाकडी हातोडीने ठोकून बसवली. हलवून बघितली, तसूभर हलेना.

मेहुणा खिडकीतून बघत होता. "झकास," तो म्हणाला. "पायही दुखणार नाही हिचा."

तो परत खाली गेला. पान्याच्या दांड्यावर त्याने लांब पाइप चढवला. "आता बघा हं," म्हणाला आणि पूर्ण वजन टाकलं. गाडी एकदा हिसका खाऊन डुलली.

दोन आवाज झाले. एक खालून आला, एक आतून.

"सुटला!" तो ओरडला. "भावोजी, सुटला!"

मी आत बघितलं. काठी खाली पडली होती. सीट मागे गेली होती, अगदी शेवटपर्यंत. सीट जागेवर धरणारा खटका जुना होता, त्यात माझी काठी ठोकून बसवलेली. लाकूड सरकलं नाही, सीट सरकली.

मेहुणा हात पुसत आला, आत डोकावला आणि तसाच उभा राहिला.

"मी हात नाही लावला," तो म्हणाला.

"नाही."

"काठी तुमची."

"हो."

मी जन्मभर मापं घेत आलो. खिडकीचं, दाराचं, लोकांच्या पलंगांचं. मुलीच्या पाळण्याचं माप तर ती व्हायच्या आधी घेतलं होतं. सीटचं घेतलं नव्हतं. जी वस्तू हलवायचीच नाही तिचं माप कशाला, असं वाटलं होतं.

"चहा टाकू का?" मेहुण्याने विचारलं. माझ्या घरात तो मला विचारत होता.

"पुली बसव," मी म्हटलं.

जुनी पुली काढून त्याने माझ्या हातात दिली. चांगली जड होती. "रबर बघा," तो म्हणाला. "ठणठणीत आहे. एक चीर नाही. ताईला दाखवायला..." आणि नव्या पुलीचं प्लॅस्टिक फाडायला लागला.

नवी पुली सरळ बसली. आता बोल्ट आवळायचा, म्हणजे परत ब्रेक. सीट मागे होतीच. मी जाऊन बसलो. गुडघे कुठे लागले नाहीत, पाय सरळ पेडलवर पोचला. ते मला आवडलं नाही. समोरच्या आरशात मला माझ्या शर्टाचं दुसरं बटण दिसत होतं. आरशाला मी हात लावला नाही.

"दाबा!"

मी दाबला. बोल्ट आवळला गेला, पट्टा चढला, चाक लागलं, गाडी जॅकवरून खाली आली. मग आम्ही दोघं उघड्या दाराशी उभे राहिलो.

"काठी आहे ना तुमची," तो म्हणाला. "तेच माप. पेडलला टेकवा आणि सीट पुढे आणा."

तशी आणली. पण पेडल स्प्रिंगचं. थोडं जास्त दाबलं तर सीट खालच्या रुळाच्या एका दात्यात बसायची, थोडं कमी दाबलं तर त्याच्या मागच्या दात्यात. पुन्हा पुन्हा करून बघितलं. दोन दाते उरले. दोन्हींत काठी बसत होती.

"सरका," मेहुणा म्हणाला आणि स्वतः आत बसला. सीट पुढच्या दात्यात घेतली, क्लच दाबला, सोडला. "इथे. पाय पूर्ण जातो, गुडघा मोकळा राहतो. ही बघा, इथेच होती."

"ते तुझं माप."

"आमचं एकच माप आहे."

"ती बोटभर उंच होती."

त्याने माझ्याकडे बघितलं. "आता तुम्हीपण?"

"ती म्हणायची."

"म्हणायला काय जातंय. भिंतीला उभी राहिली की टाचा उचलायची. मी खाली वाकून बघितलंय. आईला सांगितलं तर आई म्हणाली, चहाडखोर आहेस."

तो स्टीअरिंग धरून बसून राहिला. मी काठी टेबलाला लावून ठेवली. तेवढ्यात मागे खट्ट झालं. वळून बघितलं तर त्याचा हात सीटखालच्या दांडीवर होता आणि सीट एक दाता मागे गेली होती.

"काय झालं?"

"काही नाही. इथे होती."

"नक्की?"

"मी बसलोय ना इथे. मला कळतंय."

त्याने गाडी चालू केली. आवाज थोडा वेगळा आला, जरा कोरडा. त्याने स्टीअरिंगवर तळहात ठेवला आणि त्याचा चेहरा खुलला. "येतेय," तो म्हणाला. "थरथर येतेय. हात लावून बघा."

मी लावला. बारीकशी होती, मुंगी चालल्यासारखी.

"येऊ दे," मी म्हटलं.

"मी सांगतच होतो."

"हो, सांगत होतास."

"चढावर नेऊन बघू. बसा."

मी शेजारी बसलो. त्याने क्लच दाबायला पाय लांब केला. पाय पोचला, पण पूर्ण दाबायला त्याला सीटच्या कडेवर सरकावं लागलं. पाठ टेकलेली सुटली, हनुवटी स्टीअरिंगवर आली. गाडी गचका खाऊन फाटकाशी बंद पडली. त्याच खांबाजवळ.

"सीट पुढे घे की," मी म्हटलं.

"कशाला? बरोबर आहे."

दुसऱ्यांदा चालू केली. परत कडेवर सरकला, चवड्याने क्लच दाबला. परत बंद.

"पुलीचा दोष," तो म्हणाला. "हलकी आहे ना, जोर धरत नाही."

तिसऱ्या वेळी गाडी रस्त्याला लागली. तो सबंध रस्ताभर तसाच चालवत होता, अधांतरी, शाळेच्या बाकावर बसल्यासारखा. उतरून खाली गेलो, गाडी वळवली आणि चढ आला. त्याने गाडी दाबली आणि ती चढली. आधीपेक्षा बरी चढली की तशीच, ते मला सांगता येणार नाही. माझं लक्ष त्याच्या पायाकडे होतं. वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. पुढे कोणी नव्हतं, मागेही कोणी नव्हतं. रविवारी लाँड्री बंद असते.

त्याने पोटरी चोळली.

"भावोजी," तो म्हणाला, "ती व्हॅन सकाळी किती वाजता जाते?"