कर्नलसाहेबांचं मीठ

इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या लढाईला तिसरं वर्ष लागलं, तेव्हा ओहायो नदीकाठच्या हार्कर गावात मोठी म्हणावी अशी माणसं दोनच होती. एक कर्नल ऑगलबी. त्याने आजवर हल्ला चढवला होता तो फक्त टॅबिथाच्या खाणावळीतल्या दारूच्या पिंपावर. दुसरा न्यायाधीश फेल्प्स. परवापरवापर्यंत तो लोकांना राजाच्या नावाने शपथा घ्यायला लावायचा, आता नव्या सरकारच्या नावाने. टॅबिथा दोघांनाही जेवायला वाढायची आणि मनातल्या मनात दोघांच्याही नावाने थुंकायची.

त्या हिवाळ्यात समुद्रापलीकडून येणारं मीठ बंद झालं. घराघरांत डुकरं कापून झाली होती, पण मांस खारवून टिकवायला मीठच नव्हतं. आणि नेमकी थंडी ओसरली, मांसाला वास सुटू लागला.

शेजारची मर्सी रडकुंडीला आली. "अगं टॅबिथा, पोरांनी वसंतापर्यंत खायचं काय?"

"कर्नलच्या कोठारात मीठ आहे."

"कशावरून?"

"त्याच्या घरचं लोणी अजून खारट लागतंय. चल, कुऱ्हाड घे."

भर दुपारी दहा-बारा बायका कोठारापाशी जमल्या. कर्नल कोटाची बटणं लावत धावत आला. मागून फेल्प्स.

"खबरदार! हे सैन्याचं मीठ आहे!"

"कुठल्या सैन्याचं?" टॅबिथा म्हणाली. "तुमचं सैन्य माझ्या बाकाखाली घोरतंय."

"बायांनो, हा देशद्रोह आहे," फेल्प्स म्हणाला.

"कुठल्या देशाचा, न्यायाधीशसाहेब? यंदाच्या, की गेल्या सालच्या?"

बायका फिसकन हसल्या. कर्नलने तलवारीच्या मुठीला हात घातला, मर्सीच्या हातातली कुऱ्हाड पाहिली आणि मुकाट्याने पायरी उतरून बाजूला झाला. बायकांनी कुलूप फोडून ओचे भरभरून मीठ नेलं.

रविवारी प्रार्थनेत पाद्रीबाबांनी कर्नलचे आभार मानले, कोठार गोरगरिबांना खुलं केल्याबद्दल! कर्नलने नम्रपणे मान झुकवली. फेल्प्सने डोळे पुसले.

"जाऊ दे गं," मर्सी पुटपुटली, "मीठ मिळालं ना?"

टॅबिथाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली आणि दार सताड उघडं टाकून निघून गेली.

संध्याकाळी कर्नल नेहमीसारखा खाणावळीत येऊन बसला. तिने उकडलेलं मांस पुढ्यात आदळलं. एक घास खाऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे."

"असणारच, कर्नलसाहेब. तुमचं मीठ तुम्ही गरिबांना वाटलंत ना? आख्ख्या गावाने ऐकलंय."

सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले. कर्नलने ते मांस शेवटच्या तुकड्यापर्यंत चावून गिळलं, आणि वर छान झालंय म्हणाला.