आधी खिडकी, मग काडी

"आधी खिडकी, मग काडी. थंडी वाजली तर पांघरूण वाढवा वहिनी, पण भोक बुजवू नका."

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. तंबूत मांडायची, लाकडावर चालणारी, डोक्यावर उंच धुराडे असलेली. वरचे शब्द मला घडवणाऱ्या मिस्त्रींचे. एका जुन्या पिंपाच्या पत्र्यातून त्यांनी मला जन्म दिला, चार पाय दिले, दार दिले आणि धुराड्यात आग मंद करायची एक चकती बसवली. मग एका मधपाळ जोडप्याच्या हाती सोपवताना लेकीला सासरी धाडावे तसे बजावले, "ही चकती पुरती फिरवायची नाही. धूर दिसतो, म्हणून माणूस त्याला भितो. पण कोंडलेल्या आगीतून एक वायू निघतो. तो ना दिसतो, ना त्याला वास. माणसाला वाटतं, झोप येतेय."

मधपाळ हसले. त्यांची बायको मात्र हसली नाही. तिने ते शब्द नेमासारखे धरले.

फुलोरा जिथे, तिथे आमचा संसार. मधपेट्या उतरल्या की तंबू उभा राही. माझ्याखाली सपाट दगड, आजूबाजूला एकही कपडा नाही आणि दाराशी पाण्याची बादली. रोज पेटवण्याआधी मधपाळांची बायको तंबूची वरची खिडकी वीतभर उघडायची, हात जोडायची आणि मगच काडी ओढायची. निजण्यापूर्वी निखारे विझवून राख डब्यात भरून बाहेर ठेवायची.

"ही शेगडी म्हणजे तुझी सवत," मधपाळ चिडवायचे. "पण हिच्या डोक्यातनं धूर कमी निघतो."

"तिला वेळेवर लाकडं घालता. मला कधी आयता चहा दिलात?"

दोघे हसायची आणि माझा पत्रासुद्धा तडतडायचा. माझी ऊब घ्यायला आलेले वाटसरू म्हणायचे, "शेगडी असावी तर अशी." मला किती धन्य वाटायचे म्हणून सांगू!

एका वर्षी फुलोऱ्याच्या तोंडावरच बर्फ पडले. पेट्यांतली एक पेटी अगदी अशक्त झाली होती. मूठभर माश्या उरल्या होत्या. त्यांच्यासाठी पाक करायला साखर हवी, म्हणून बायको सकाळीच खालच्या गावी निघाली.

"ही पेटी जगली तर हिला वरच्या माळावर न्यायचं. तिथल्या फुलांवर ही सावरेल. कबूल?" मधपाळ म्हणाले.

"कबूल. आणि खिडकीला हात लावायचा नाही."

"नाही लावत गं बाई."

दुपारी वारा फिरला. मधपाळांनी ती पेटी उचलून आत आणली आणि माझ्यापासून थोडी दूर ठेवली. खिडकीतून बर्फाचे कण पेटीवर पडू लागले. मित्रांनो, पेटीला फट दिसली की मेणाने लिंपायची, हा त्यांच्या हाताचा जन्माचा गुण. त्यांनी मेणकापडाचा बोळा करून खिडकी बुजवली. मग तंबूच्या कडाही दाबल्या. पेटीच्या तोंडाला मात्र बोटभर जाळी ठेवली. "तुम्हाला वारा हवा, राण्यांनो," असे म्हणत.

सुकी लाकडे संपली होती. त्यांनी ओली घातली आणि बायको येईपर्यंत पुरावीत म्हणून चकती पुरती फिरवली.

माझी आग काळवंडली. माझा जीव घुसमटला. मला तोंड होते, पण हाक मारता येत नव्हती. मधपाळांनी कपाळ चोळले. हवा बिघडली का, हे त्यांनी त्यांच्या रीतीने पाहिले. पेटीला कान लावला.

"गुणगुणतायत. म्हणजे झकास आहे सगळं," ते पुटपुटले. "अंमळ पडतो."

माश्यांची कुडी निराळी, माणसाची निराळी. जो वायू माणसाला गिळतो, त्याची वार्ता त्यांच्या गुणगुणण्यात नसते. हे मधपाळांना कुणी सांगितले नव्हते.

उजेड असतानाच ती परतली. तिने पडदा फाडावा तसा ओढला, बोळा उपसून फेकला, त्यांना काखेत धरून बाहेर बर्फात आणले. "अहो, उठा ना. साखर आणलीय." ते उठले नाहीत. आत पेटी गुणगुणत होती. ती जाळीपाशी बसली आणि हळू म्हणाली, "त्यांना बोटभर ठेवलंत. मग स्वतःला का नाही हो?"

धाकटा दीर आला, त्याने मला लाथ घातली. "या काळतोंडीला दरीत फेका, वहिनी!"

"तिचं काय चुकलं, भाऊजी? तिचाही श्वास कोंडलाच होता ना," एवढेच ती बोलली.

तरी मी पडवीत रिकाम्या पेट्यांमागे गेले. धुराड्यात कोळ्यांनी घर केले, पाय गंजले. तिने दुसरी आग पेटवली, पण माझ्याकडे पाहिले नाही. मला त्याचा राग नाही. ती अशक्त पेटी मात्र तिने जगवली. पाक पाजून, कांबळ्यात गुंडाळून. फुलोरे येऊन गेले. वरच्या माळावर जायला तिचे पाऊल उचलत नव्हते.

यंदा एका सकाळी तिने मला उजेडात आणले. काजळी खरवडली, धुराडे झाडले आणि मला मिस्त्रींकडे नेले. मिस्त्री आता थकले आहेत. त्यांनी माझी चकती अर्ध्यावर अडेल अशी खीळ ठोकली आणि तंबूच्या खिडकीत लोखंडी जाळीचे कडे शिवून दिले.

"आता बोळा कोंबायला गेलं तरी बसणार नाही, वहिनी," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता डोळे पुसत राहिले.

मित्रांनो, मी ऊब देते, पण मला श्वास लागतो आणि तुम्हालाही. तंबूत माझ्याजवळ बसाल तेव्हा वाऱ्याला वाट ठेवा, सुके लाकूड घाला, मला जागती ठेवून झोपू नका. डोके जड झाले तर विचार करत बसू नका, आधी बाहेर या. माझी एवढीच विनवणी आहे.

आज पहाट उजाडली तेव्हा तिने हात जोडले. ती पेटी पाठीशी बांधली, तोंडाची जाळी बोटाने चाचपली. मला खेचराच्या पाठीवर चढवले. कुणाला काही न सांगता ती वरच्या माळाच्या वाटेला लागली.