एका हाकेला दोन ओ

आमच्या चष्म्याच्या दुकानावर बाबांचं नाव आहे, पण ती पाटी बाबांनी लावलेली नाही. ती त्यांच्या आजोबांची. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, तेही आजोबा हयात असताना. त्यामुळे घरात दोनच नावं आलटून पालटून फिरतात आणि पाट्या रंगवणाऱ्याला आमच्याकडून काही मिळत नाही. नावाचा अर्थ काय, असं कुणी विचारलं की बाबा सांगत, "चष्मेवाला." खरा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. कुठल्यातरी जुन्या भाषेतला शब्द, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

वहिनी दुसऱ्या देशातली, दुसऱ्या लोकांतली. ती दातांच्या कवळ्या बनवते. दादाचं लग्न झालं तेव्हा बाबा भेटेल त्याला सांगत होते, "आमच्याकडे दिसायची सोय होतीच, आता चावायचीही झाली." सासऱ्या-सुनेचं चांगलं गूळपीठ होतं. मला कधीकधी ते डोळ्यांत खुपायचं. मग तिला मुलगा झाला आणि तिथेच माशी शिंकली.

बाबांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "चला, माझ्या नावाला माणूस मिळाला."

"नाही, बाबा," वहिनी म्हणाली. "ते नाव नको." आणि ती बाटल्या उकळायला आत निघून गेली.

झालं. बाबांनी तोंडाला कुलूप लावलं. दादा कात्रीत सापडला. बायकोची समजूत काढायला आत जायचा आणि स्वतःचीच समजूत काढून घेऊन बाहेर यायचा. मी सरळ बाबांच्या बाजूची. बाहेरून आलेल्या बाईने आमची पाटी उतरवावी, याचा मला संताप आला होता. बाळाला काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून मी त्याला बोळक्या म्हणायला लागले. कवळ्या बनवणारीच्या पोटी हे बिनदाती ध्यान आलं होतं, दुसरं काय म्हणणार? ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं, बाबांच्यासुद्धा.

एके दिवशी वहिनी दुकानात आली, मी गल्ल्यावर होते. तिच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. बाबा तिच्याशी बोलत नसले तरी गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चष्मा घेतला, बारीक पेचकस काढला आणि खाली मान घालून स्क्रू आवळायला लागले. चष्म्याशिवाय वहिनीला समोरच्याचा चेहरा धड दिसत नाही. बहुतेक म्हणूनच तिला बोलता आलं.

"आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत," ती म्हणाली. "एका घरात एक नाव एकाचंच. ते दुसऱ्याला दिलं, की पहिल्याला सांगितल्यासारखं होतं, तुम्ही निघा आता."

"काहीतरीच," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्याआधी दोन बहिणी झाल्या आणि गेल्या. मग मी झाले. आईने माझं नाव ठेवलं, त्याचा अर्थ 'राहा'. आणि मी राहिले." तिने बाबा होते त्या दिशेला पाहिलं. "मला तुमचं नाव आवडतं, बाबा. पण मला तुम्हाला जायला सांगायचं नाही."

पेचकस थांबला.

"म्हणजे मी मेल्यावर देणार?"

"हो. लगेच."

बाबा इतके मोठ्याने हसले की बाहेर फ्रेम बघत उभ्या असलेल्या बाईंनी आत डोकावलं. मग ते काचा पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.

"मी लहान असताना आजी मागच्या दारातून हाक मारायची," ते म्हणाले. "घरातून आजोबा ओ द्यायचे आणि झाडावरून मी. एका हाकेला दोन ओ. मग ती चिडायची, 'मेल्यांनो, नेमका कोण येतोय?' मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं गं. मेल्यावर कसं ऐकू येणार?"

बाबांनी तिला चष्मा घातला, कानांमागे काड्या दाबून पाहिल्या.

"टोचतंय का?"

"नाही."

"मग राहू दे असंच," बाबा म्हणाले, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझा राग मात्र उगाच शिल्लक राहिला. तो कुणावर काढावा हे मला कळेना.

बोळक्याला वरचे दात आले त्या सुमारास बाबांच्या फुफ्फुसांनी हात टेकले. आता फक्त त्रास कमी करता येईल, असं डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. तोही फारसा कमी होत नव्हता. बाबा एकेक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा ओढत होते आणि जीव मात्र सोडत नव्हते. मी हॉस्पिटलात पलंगाशी बसून ते बघत असे. मला वाटायचं, सुटू देत आता. आणि लगेच वाटायचं, नको.

दुपारी भेटायच्या वेळेत वहिनी बोळक्याला कडेवर घेऊन आली. तिने त्याला बाबांच्या पायाशी बसवलं, दारापर्यंत मागे गेली, आणि तिथून, रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला घरात बोलवावं तशी, बोळक्याला बाबांच्या नावाने हाक मारली. नुसतं नाव. मागेपुढे काही नाही.

नर्स वळून बघायला लागली. दादा उठून उभा राहिला. "अगं, काय करतेस?"

बोळक्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो चादरीचा दोरा ओढत होता. त्याचा काय संबंध? तो बोळक्या होता.

बाबांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. तिच्या लोकांत या हाकेचा काय अर्थ होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वहिनीने पुन्हा हाक मारली.

"ओ," बाबा म्हणाले.

त्या आवाजाने बोळक्याने मान वर केली. त्याला ते आवडलं असावं. त्याने तोंडाचा चंबू केला आणि म्हणाला, "ओ."

तिसऱ्या हाकेला दोघे एकदमच म्हणाले.

"मेल्यांनो," बाबा पुटपुटले. त्यांचा चेहरा हसत होता. "नेमका कोण येतोय?"

बाहेर व्हरांड्यात वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "मी त्यांना जायला सांगितलं," ती म्हणाली. असं काही नसतं, असं मी म्हणायला हवं होतं. पण तिच्याशी खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं.

"हो, सांगितलंस," मी म्हणाले. "आणि त्यांनी ओ दिली." मग मी तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

पाटी आहे तशीच आहे. बोळक्याला आता आम्ही पाटीवरच्या नावानेच हाक मारतो. तो लगेच ओ देतो. मग खेळ थांबवून दुसरी ओ ऐकू येते का ते बघतो.